बहुतेकांना पुरतं

पत्र येऊन चार दिवस झाले होते आणि व्हर्लिनने ते कुणालाच दाखवलं नव्हतं. आज केअर सेंटरच्या आवारात, गाडीच्या काचा वर घेऊन, त्याने पत्राखालचा नंबर फिरवला. समोर दुसऱ्या मजल्यावर त्याची बायको आर्डिस होती. तिला आता त्याचं नावही आठवत नसे. तिचा इथला खर्च जी विमा कंपनी देत होती, ती कोर्टाने दिवाळखोर ठरवली होती.

राज्याच्या विमा हमी संघटनेतून एका बाईने फोन घेतला.

"तिला घरी न्यावं लागेल का?" त्याने नमस्कारही न करता विचारलं. "मी एक्क्याऐंशीचा आहे. मला ती उचलवत नाही. मागे न्हाणीघरात दोघंही पडलो. दीड तास तसेच पडून होतो."

"थांबा जरा. त्यांना कुणी कुठे हलवत नाहीये." बाईचा आवाज शांत होता. "कंपनी बुडाली की तिचे विमेदार उघड्यावर पडू नयेत, म्हणूनच आम्ही आहोत. बाकीच्या कंपन्यांकडून वर्गणी घेतो आणि बिलं भरतो. तुम्ही बिलं पाठवत राहा, फक्त आता आमच्या पत्त्यावर."

व्हर्लिनने डोळे मिटले.

"किती दिवस भराल?"

"कायद्याने मर्यादा आहे. तीन लाख डॉलर. आताच्या खर्चाने तीन वर्षं आणि थोडं वर."

"आणि मग?"

"बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून काही उरलं, तर त्यातून मिळेल. पण त्याचा भरवसा मी तुम्हाला देणार नाही." मग तिने विचारलं, "त्यांचं वय काय?"

"एकोणऐंशी."

"मग काळजी करू नका," ती हळूच म्हणाली. "बहुतेकांना पुरतं."

तो बराच वेळ गाडीत बसून राहिला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास पोटापर्यंत गेला. मग तोंड पुसून तो वर गेला.

जेवणाची वेळ होती. आर्डिस खिडकीशी बसली होती. केस विंचरलेले, गालांवर लाली. टॅमी नावाची नर्स ताट ठेवत म्हणाली, "आज डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हिचं हृदय पन्नाशीच्या बाईसारखं आहे. अजून दहा वर्षं ही कुठे जात नाही." ती हसली. "बरं वाटलं ना ऐकून?"

"हो," व्हर्लिन म्हणाला.

त्याने खुर्ची ओढली आणि नेहमीसारखा आर्डिसला घास भरवू लागला. तिने बटाट्याचा लगदा संपवला, वाटाणे संपवले, दूध प्यायलं. तिला आज चांगलीच भूक होती.

मग तिने त्याच्याकडे पाहिलं, गोड हसली आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.

व्हर्लिनचा चमचा ताटातच थांबला. फार वेळ नाही, क्षणभरच. पण टॅमीने पाहिलं तर नाही ना, म्हणून त्याने वळून बघितलं.