कुणाला सांगू नको

"शेवटचं विचारते," भूल देणाऱ्या डॉक्टर लुबना म्हणाल्या. "पोरीला इतक्यात सर्दी-खोकला झाला होता का?"

"न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "अजिबात न्हाई," त्याची बायको विजयमाला म्हणाली. बद्रीनाथची आई, छबुबाई, हिनं नुसती मान हलवली. ऑपरेशन थिएटरचं दार उघडंच होतं.

स्ट्रेचरवर सहा वर्षांची वैष्णवी बसली होती, ओठ गच्च मिटून. एरवी बडबडीनं घर डोक्यावर घेणारी पोर, आज तोंड उघडायला तयार नव्हती. घाबरली असंल बिचारी, असंच सगळ्यांना वाटलं.

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन. सर्दीपायी दोनदा टळलेलं. आतडं अडकलं तर पोर हातची जाईल, हीच धास्ती सगळ्यांनी घेतली होती. आता परत माघारी जायची कुणाचीच तयारी नव्हती.

डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली. "छाती साफ आहे. पण सर्दी गेली तरी कितीक दिवस घसा चिडका राहतो. गुंगीत तो एकदम आवळला तर श्वासच अडकतो. लेकरू काळंनिळं पडतं. म्हणून डोकं खाते तुमचं."

विजयमालानं उगाच पोरीचं नाक पुसलं. ते वाहतही नव्हतं. बद्रीनाथ भिंतीवरचं घड्याळ बघायला लागला. नर्सनं स्ट्रेचर ढकललं.

"थांबा!" छबुबाई दारात आडवी झाली. "नेऊ नका माय तिला! खोकलीय ती! आपरेशन नीट व्हावं म्हणून मीच नेलतं तिला लिंबागणेशाच्या गणपतीला. भल्या पहाटं गार पाण्यानं न्हाऊ घातलं. तिथंच मुक्कामाला रातभर खोकली लेकरू. ओव्यानं शेकलं अन् म्हणलं, बाई, कुणाला सांगू नको."

झालं! बद्रीनाथ भडकला. "आई, अक्कल गहाण ठेवली का गं? जीव गेला असता की पोरीचा!"

"मला तरी सांगायचं, आत्याबाई!" विजयमाला रडायलाच लागली. म्हातारी खाली मान घालून ऐकत राहिली.

"आज भूल द्यायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पोर बरी झाली की बघू."

ते ऐकलं अन् वैष्णवीला खोकल्याची उबळ आली. सकाळपासून दाबून धरला होता बिचारीनं. पोटभर खोकली, डोळे पुसले, अन् डॉक्टरांचा हात धरून म्हणाली,

"आजीचं तर झालं सांगून. आता आईचं सांगू, का पप्पांचं?"