परतीचं भाडं

नंदकुमार शिकायला विलायतेला निघाला, तेव्हा सोबत किती पैसे द्यावेत यावर घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर खल चालला. जास्त दिले तर पोरगा उधळेल, कमी दिले तर उपाशी राहील, असं म्हणत त्याचे वडील, म्हणजे घरात सगळ्यांचे ‘भाऊ’, स्वतःशीच भांडत बसायचे. शेवटी देशाबाहेर किती पौंड नेता येतील याचा आकडा सरकारनेच ठरवून दिला आणि भांडण मिटलं. ‘तिकडची मडम घेऊन आलास तर या घराचं दार बंद,’ ही ताकीद मात्र भाऊ रोज पहिल्या घासाबरोबर न चुकता देत राहिले.

धक्क्यावर निरोप घेताना त्यांनी नंदकुमारच्या मुठीत काही नाणी कोंबली.

“भाऊ, आपली नाणी तिकडे चालत नाहीत हो.”

“मला अक्कल आहे. परत येशील तेव्हा बोरीबंदरहून घाटकोपरचं तिकीट काढायला लागतील.”

नंदकुमारने नाणी मोजली. “पण तिकिटाला याच्या निम्मे पुरतात.”

भाऊंनी पलीकडे डोळे पुसत उभ्या असलेल्या आईकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुझं एकट्याचं येईल त्यात. तिला काय चालवत आणणार आहेस?”