भिंतीपलीकडची रेंज

गुंजाळांच्या लॅपटॉपचं नेट सकाळपासून सारखं तुटत होतं. दुरुस्तीला आलेल्या यामिनीने दहा मिनिटांत सगळं तपासलं.

"काका, लॅपटॉप ठणठणीत आहे. भिंतीपलीकडे कोण राहतं?"

"अच्युत टिपणीस. एकटाच असतो. कुंड्यांवरून भांडलो, तेव्हापासून सहा वर्षं बोलणं नाही. त्याचा काय संबंध?"

"मोबाइल टॉवर बंद झाल्यापासून नेट माणसांच्या नाडीवरूनच एकाकडून दुसऱ्याकडे जातं ना? तुमचं त्यांच्याकडून येतं. त्यांची नाडी अडखळतेय. ॲम्ब्युलन्स मी बोलावते, तुम्ही आधी दार वाजवा!"

गुंजाळ अनवाणीच धावले आणि शेजारचं दार दोन्ही हातांनी बडवू लागले.

"अच्युत! अरे अच्युत, मी आलोय!"

लॅपटॉपवरची नजर न काढता यामिनी आतून ओरडली, "हाका मारत राहा काका, नेट येतंय!"