करवतीचं नाक

नेमकी दुपारी मालक यायच्या वेळी वखारीतली चेनसॉ करवत धापा टाकत बंद पडली. मुकादम ती घेऊन दुरुस्तीच्या खोलीतल्या मेकॅनिक पोरीकडे धावला. “बघ गं बाई लवकर!”

करवत ज्यातून श्वास घेते तो, भुशानं कोंदलेला एअर फिल्टर तिनं काढला. “हा डुप्लिकेट आहे. ओरिजिनल कोणी विकला?”

“तुझ्या बापानं. म्हणून तर मालकांनी हाकललं त्याला.”

ती स्वस्थ स्टुलावर बसली. “मग बाबांनाच बोलवा दुरुस्तीला.”

“बरं बाई, मी विकला! झालं समाधान? आता चालू कर.”

मालक त्याच्या मागेच दारात उभे होते.

संध्याकाळी ‘उद्यापासून कामावर या’ हा मालकांचा निरोप ऐकून बाबा चकित झाले. “असा काय बिघाड झाला होता गं?”

त्यांच्या पायांना तेल चोळत ती म्हणाली, “काही नाही बाबा. सकाळी मी करवतीचं नाक दाबलं, दुपारी मुकादमाचं तोंड उघडलं.”