आसरांचा डोह

सोमनाथ डोहातून वर आला, कातळाला धरून धापा टाकत राहिला आणि त्याने नुसती मान हलवली.

“तळ लागंना. खाली कपार हाय. आत पार अंधार.”

“परत बघ रं बाबा,” गोजराबाई म्हणाली. “आजून आत बघ. माझी पोर तिथंच हाय.”

वरून धबधबा पडत होता. धबधबा तरी काय, दिवाळीनंतर उरलेली बारीक धार. सुट्टीच्या दिवशी नाशिकची पोरं ट्रेकला यायची, धारेखाली फोटो काढायची आणि घळीतून पुढे पलीकडच्या डांबरी रस्त्याला लागायची. आज आडवार, कामाचा दिवस होता. घळीत फक्त वस्तीवरची माणसं होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

गोजराबाईच्या रूपालीचं लग्न तोंडावर आलं होतं. डोहाकाठच्या सातीआसरांची, पाण्यातल्या देवींची, ओटी भरायला मायलेकी सकाळीच घळीत उतरल्या होत्या. दुपारी गोजराबाई एकटीच ओरडत वर आली. पदर मातीत लोळत होता, गुडघा फुटला होता. शेवाळावरून पोरीचा पाय सटकला, ती डोहात पडली, एवढंच तिला सांगता आलं. टोमॅटो तोडणारी माणसं क्रेट तिथंच टाकून धावली.

रूपालीचा बाप, कोंडाजी, मांडीभर पाण्यात उभा होता. त्याला पोहता येत नव्हतं. तो दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारायचा, वाकून खाली बघायचा, पुन्हा सारायचा. त्याला कुणी बाहेर ये म्हणत नव्हतं.

सोमनाथ पुन्हा वर आला तेव्हा त्याच्या हातात एक चप्पल होती. निळ्या पट्ट्याची. गोजराबाईने ती ओढून घेतली आणि छातीशी धरली. जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

कोंडाजीचा धाकटा भाऊ यादव ओल्या अंगाने कातळावर बसून हे बघत होता. रूपालीचं लग्न त्यानेच जमवलं होतं. घरात त्याचाच शब्द चालायचा.

“वहिनी, तिच्याकडं फोन होता का?”

“तुमीच काढून घेतला ना, भाऊजी. तुमच्याच कपाटात हाय.”

यादवने डोहाच्या काठावरून नजर फिरवली.

“कुठून पडली म्हणता?”

तिने बोट दाखवलं.

“तिथं शेवाळ तर नाय.”

“भाऊजी, माझ्या हातातनं हात सुटला तिचा...” गोजराबाईला पुढे बोलवेना. बायकांनी यादवकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. पण तो उठला आणि शर्ट चढवू लागला.

“इथं रेंज नाय. वर जाऊन अग्निशमनवाल्यांना फोन लावतो. गाडी हायच, शहरात पण एक चक्कर टाकून येतो.”

“शहरात कशाला?”

“बघून येतो.”

गोजराबाई धडपडत आली आणि तिने त्याचे पाय धरले. “तुमी जाऊ नका, भाऊजी! त्या कपारीत शिरणारं तुमच्याबिगर कोण हाय इथं? फोनला सहादू जाईल. पाया पडते तुमच्या. एकदा, फक्त एकदा आत जाऊन बघा!”

सगळ्यांसमोर वहिनी पायाशी पडलेली. यादवने तिला उठवलं, शर्ट काढला आणि डोहात उडी मारली. शेजारचा सहादू घळ चढू लागला.

यादव खूप वेळ खाली राहिला. वर आला तेव्हा कपारीने त्याचा खांदा सोलवटून निघाला होता.

“नाय सापडत, वहिनी.”

“डाव्या अंगाला बघितलं का?”

तो पुन्हा गेला. मग आणखी एकदा. सोमनाथ थकून काठावर आडवा झाला तरी यादव बुड्या मारतच होता. आता त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

गोजराबाई जागची हलली नाही. कुणी पाणी दिलं तर घेतलं नाही. समोरच्या कड्यावर ऊन होतं, ते हळूहळू वर सरकत होतं. ती मधूनच डोहाकडे बघे, मधूनच त्या उन्हाकडे.

सहादू परत आला. पाणबुडे उद्या उजाडताच येणार होते.

कोंडाजी अखेर पाण्यातून बाहेर आला आणि बायकोशेजारी बसला. त्याचे दात वाजत होते.

“गोजरा, ल्हानपणी तिला खांद्यावर बसवून आणायचो इथं. लय भ्यायची पाण्याला. गच्च केस धरायची माझे.”

गोजराबाईने पदराने त्याची पाठ पुसली. त्याच्या कानाशी वाकून ती काहीतरी सांगू गेली. यादव कपडे पिळत मागेच उभा होता. तिचे ओठ नुसतेच हलले. मग तिने नवऱ्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि ती रडली. दुपारपासून ती ओरडली होती, पाया पडली होती. रडली ती आत्ता.

कड्यावरचं ऊन गेलं.

“चला,” ती स्वतःच म्हणाली.

कोंडाजीला धरून माणसं चढू लागली. यादव तिच्या मागोमाग होता, तिचा तोल जाईल म्हणून हात पुढे करून.

घळीच्या तोंडाशी रेंज आली आणि तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. छायाचा होता, तिच्या धाकट्या बहिणीचा.

“कळलं वाटतं तिकडं,” यादव म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “बोला, वहिनी. सांगावं तर लागंलच.”

गोजराबाईने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

“ताई,” छाया हळूच म्हणाली, “नाशिक रोडवरनं गाडी सुटली आत्ता. दोघं नीट बसले. रूपाली रडत होती, पण लांबपर्यंत हात हलवत होती बघ.”

गोजराबाई मटकन खाली बसली आणि सगळ्या घळीला ऐकू जाईल असा तिने हंबरडा फोडला.

“गेली गं छाया! माझी पोर गेली!”