आधीचं विसळणं

पापडी गावातल्या रामनाथच्या हॉटेलात त्याच्या आजोबांपासून एकच नियम चालत आलाय. चहा प्यायला की आपला कप आपणच विसळायचा, मग माणूस कोणत्याही जातीचा असो. या बाकांवर बसून सुधारकांनी रात्रंदिवस वाद घातले, चळवळी उभ्या केल्या. त्या मंडळींपैकी आता एकटे दिनानाथ सर उरलेत. नियम पाळावा तर त्यांनीच. चहा प्यायल्यावर तर ते कप विसळतातच, पण गेली तीस वर्षं पिण्याआधीही विसळून घेतात. "याला म्हणतात निष्ठा," असं रामनाथ नव्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

त्याच भरवशावर रविवारी तो लग्नाचं बोलायला सरांच्या घरी गेला. त्याच्या लेकीचं, तेजस्वीचं, आणि सरांच्या मुलाचं, सुमेधचं, जमलं होतं.

सरांनी स्वतः चहा केला. "पोरगी लाखात एक आहे, रामनाथ," ते म्हणाले. "पण घरच्यांना पटायचं नाही रे. जात आडवी येते. मी एकटा काय करणार?"

त्या घरात बापलेकांशिवाय तिसरं माणूस राहत नव्हतं.

रामनाथने चहा संपवला. सवयीने रिकामा कप घेऊन तो स्वयंपाकघराकडे वळला.

"आत नको," सर हळूच म्हणाले. "अंगणात नळ आहे."

रामनाथने अंगणात जाऊन कप नळाखाली धरला. पिऊन झाल्यावर विसळायचं, हा त्याच्या आजोबांचा नियम होता. पिण्याआधी विसळायचं, हा कुणाचा, ते त्याला तीस वर्षांनी कळलं.