यादीबाहेरच्या चाळीस ओळी

टेबलावरच्या तिन्ही कॉम्प्युटरवर हिरवी खूण उमटली आणि टीमच्या प्रमुख बाईने कधी नव्हे ते खुर्चीला पाठ टेकली.

तीन कॉम्प्युटर, तीन ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिघींचं आपसात कधी पटलेलं नाही. फाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता एकीला असा लिहून हवा, दुसरीला तसा, आणि तिसरीला दोन्ही नाही. अशा तिघींकडे मुकाट चालेल असा पॅकेज मॅनेजर करण्यात टीमची तीन वर्षं गेली होती. एक हुकूम सोडायचा, की हवं ते सॉफ्टवेअर आपल्या सगळ्या लवाजम्यासकट येऊन जागच्या जागी बसतं. आज संध्याकाळी तो लोकांच्या हाती जाणार होता.

आणि पुढच्या महिन्यापासून टीम चारची तीन होणार होती. कोणाला कमी करायचं ते साहेबांनी तिलाच विचारलं होतं. सकाळी तिने मास्तरांचं नाव कळवलं. मास्तर म्हणजे टीममधले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ. चुका दाखवायची खोड, म्हणून हे नाव. ‘कामात दिसण्याजोगा सहभाग नाही,’ असं तिने लिहिलं. लिहिताना आपण खोटं लिहितोय असं काही तिला वाटलं नव्हतं.

रिसेप्शनवरच्या बाईंना त्याच दिवशी नवा कोरा कॉम्प्युटर मिळाला होता.

“यावर करून बघा की एकदा,” त्या म्हणाल्या. “बिघडायला अजून आत काही नाहीच आहे.”

तिने हसत हसत हुकूम सोडला. दुसऱ्याच ओळीला पॅकेज मॅनेजरने हात टेकले. काहीतरी सापडत नव्हतं.

त्याला चालायला काय काय लागतं याची यादी तिने पुन्हा वाचली. यादीतलं सगळं जागेवर होतं. मग तिने आपल्या टेबलावरच्या तिन्ही कॉम्प्युटरची झडती घेतली. तिन्हींमध्ये, कोणी उघडणार नाही अशा एका फोल्डरात, चाळीस ओळींचा एवढासा प्रोग्रॅम होता. एकीचा पत्ता दुसरीला समजेल असा करून देणारा. अडीच वर्षांपूर्वी कोणीतरी तो हाताने आणून ठेवला होता, आणि त्याच्या जिवावर हे सगळं चाललं होतं. वर मास्तरांचं नाव होतं.

ती त्यांच्या टेबलाशी गेली.

“मास्तर, हे तुम्ही ठेवलंत?”

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “हो. तेव्हा रोज अडायचं ना.”

“मग यादीत का नाही घातलंत? निदान सांगायचं तरी!”

“सांगितलं होतं. मीटिंगमध्ये. तुम्ही म्हणालात, चालतंय ना, मग पुढे चला.”

तिला ती मीटिंग आठवेना. आपण असं म्हणालो असणार, याबद्दल मात्र तिला जराही शंका नव्हती. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

मास्तरांनी त्या चाळीस ओळी पॅकेजमध्ये घेतल्या, यादीत त्यांची नोंद केली. दहा मिनिटांचं काम. शेवटी पडद्यावर नेहमीचा चौकोन आला: देखभाल कोण करणार? त्यांनी तिचं नाव टाकलं.

“माझं कशाला?” ती म्हणाली. “तुमचं टाका.”

“पुढच्या महिन्यात कोणी अडलं तर?” मास्तर शांतपणे म्हणाले. “साहेबांनी बोलावलं होतं मघाशी, जेवणानंतर.”

तिने वाकून आपलं नाव पुसलं आणि त्यांचं लिहिलं. पुढच्या ओळीत संपर्काचा नंबर हवा होता.

“कुठला टाकू?” मास्तरांनी विचारलं. “इथला, की घरचा?”

“इथला,” ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा झाला.

“आधी साहेबांना विचारून या,” मास्तर म्हणाले, आणि कीबोर्डवरचे हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवले.